मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील विलंब

मुंबई व परिसरातील उपनगरी (लोकल) गाड्या नियोजित वेळेनंतर धावण्याची कारणे वरवर पाहता भिन्न असली, तरी त्यांचे मूळ लोहमार्गाची क्षमता व त्यावरील भार यांच्या जुन्या विषमतेत आहे.

बोरीबंदर–ठाणे हा सु. ३४ किमी. लांबीचा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. पश्चिमेकडील मार्गावर विरारहून १८६७ मध्ये उपनगरी गाडी सुरू झाली. दूर पल्ल्याच्या वाहतुकीसाठी टाकलेल्या या मार्गांवरच पुढे उपनगरी वाहतूक वाढली. कचेऱ्या बेटाच्या दक्षिण टोकास व वस्ती उत्तरेस, यामुळे सकाळी व सायंकाळी एकाच दिशेने गर्दी लोटू लागली. १९२५ मध्ये कुर्ल्यापर्यंत व १९२८ मध्ये कुलाबा–बोरीवली मार्गावर विद्युत् गाड्या आल्या. पुढे नऊ, बारा व पंधरा डब्यांच्या गाड्याही आल्या. प्रत्येक वेळी वाढलेली क्षमता वाढत्या प्रवासीसंख्येने व्यापून टाकली.

गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत जेमतेम तीन-चार मिनिटांचे अंतर असते. चढउतारास अर्धा मिनिट अधिक लागला, तरी मागील गाड्या सिग्नलपाशी अडतात व हा उशीर भरून काढण्यास वेळापत्रकात अवकाश उरत नाही. कल्याणपुढे कसारा व कर्जत या दिशांना दूर पल्ल्याच्या गाड्या त्याच रुळांवरून जातात. रस्त्याचे फाटक वेळेवर बंद न होणे, रुळांवरून माणसांची ये-जा, तसेच सिग्नल व विद्युत् तारांतील बिघाड यांचीही भर पडते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी निचरा थांबून शीव–कुर्ला परिसरातील सखल भागात रूळ पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला आणि सेवा ठप्प झाली. २ जानेवारी २०१५ रोजी पँटोग्राफच्या बिघाडानंतर दिवा स्थानकात प्रवाशांचा उद्रेक झाला.

क्षमतावाढीसाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. एकदिश प्रवाहाऐवजी २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाचा वापर २०१६ मध्ये पूर्णत्वास गेला. ठाणे–दिवा पाचवा व सहावा मार्ग २०२२ मध्ये खुला झाला. तथापि दाट वस्तीमुळे नव्या रुळांसाठी जागा मिळणे कठीण असते.

उशिरा आलेल्या गाडीत दोन गाड्यांची गर्दी शिरते, चढउतार लांबते व विलंब आणखी वाढतो. अशा वेळी प्रवासी दारात लोंबकळतात. त्यामुळे विलंब हा गैरसोयीपुरता मर्यादित न राहता जीविताच्या सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.