स्वराज्याच्या पूर्व सरहद्दीची दुर्गसाखळी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वर्धनगड, भूषणगड, सदाशिवगड व मच्छिंद्रगड हे चार किल्ले म्हणजे शिवकाळातील पूर्व सरहद्दीची साखळी होय. उंची किंवा दुर्गमता या कसोटीवर त्यांची तुलना प्रतापगडाशी होऊ शकत नाही. त्यांचे महत्त्व एकेकट्या किल्ल्यात नसून त्यांच्या रांगेत आहे.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून पूर्वेस उतरले की मुलूख मोकळा होत जातो. कृष्णा-कोयनेचे सुपीक खोरे ओलांडताच खटाव-माणचे पठार लागते. शिवकाळात या पट्ट्याला विजापूरच्या आदिलशाहीची हद्द भिडलेली होती. डोंगराचा आडोसा नसल्याने येथील ठाणी राखणे कठीण जाई. १६७५ मध्ये आदिलशाहीच्या बाजूच्या फलटणच्या निंबाळकरांनी व मलवडीच्या घाटग्यांनी शिवाजी महाराजांची ठाणी उठवली. १६७६ च्या सुमारास महाराजांनी ताथवडे ते पन्हाळा हा मुलूख तिसऱ्यांदा ताब्यात घेतला आणि या दोन टोकांना किल्ल्यांच्या साखळीने जोडण्याचा हुकूम दिला.

ही हकिगत साताऱ्याच्या गादीकडे इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवली आहे. हे किल्ले फारसे बळकट नसले, तरी ठाण्यांना आधार देण्यास व रांगेच्या आतील पिकाऊ मुलखाचे रक्षण करण्यास त्यांच्या जागा अचूक निवडल्या होत्या, असा त्याचा अभिप्राय आहे. याच कामात असताना महाराज आजारी पडले व काही महिने साताऱ्यास राहिले, असेही तो सांगतो.

रांगेच्या उत्तर टोकाला ताथवड्याचा संतोषगड आहे. तेथून दक्षिणेस कोरेगाव व खटाव तालुक्यांच्या हद्दीवर, सातारा-पंढरपूर मार्गालगत वर्धनगड उभा आहे. खटाव तालुक्यातीलच भूषणगड हा सपाट मुलखातील एकाकी टेकडीवर असून माथ्यावर हरणाई देवीचे मंदिर आहे. सदाशिवगड कराडजवळ, तर मच्छिंद्रगड सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात आहे. त्यापुढे दक्षिणेचे टोक म्हणजे पन्हाळा.

पुढे औरंगजेबाच्या स्वारीत या रांगेची पुन्हा कसोटी लागली. १७०१ मध्ये मोगलांनी वर्धनगड घेऊन त्याचे नाव सादिकगड ठेवले. राजधानीपासून दूर असलेल्या या लहान किल्ल्याची दखल बादशहाच्या फौजेलाही घ्यावी लागली, हे लक्षणीय आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या यादीत बारा किल्ले आहेत. त्यांत प्रतापगड आहे, या साखळीचे टोक असलेला पन्हाळाही आहे. मधले चारही किल्ले मात्र नाहीत. बलाढ्य दुर्गांइतकेच शेतशिवार राखणारे हे किल्लेही राज्यरचनेचे अंग होते, याचा विसर पडू नये.