महाळुंगाच्या पानावरचा पुरावा

गेल्या दिवाळीत वरुडला मामांच्या संत्र्याच्या बागेत उभा होतो. मामा म्हणाले, "तू कॅलिफोर्नियात राह्यतं ना, मंग तिकडच्या संत्र्याची एखादी डोळकाडी आन ना बॅगेत." मी नाही म्हणालो. मामांना ते लागलं. कारण सांगायला थोडा इतिहास सांगावा लागला.

कलम म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल. गोडी येते, रंग येतो, आणि झाडात रोग असेल तर तोही येतो. रिव्हरसाइडच्या संशोधन केंद्रात हॉवर्ड फॉसेट सोरोसिसचा अभ्यास करत होते. या रोगात खोडाची साल खपल्यांनी सुटते, पण झाड वयात आल्यावर. तोवर त्याचे डोळे कितीतरी खुंटांवर चढलेले असतात. १९३३ साली फॉसेट यांना अशा झाडांच्या कोवळ्या पानांवर फिकट ठिपके-रेघा दिसल्या. रोग विषाणूचा असावा, हे त्यावरून सुचलं आणि तो लवकर ओळखायची वाटही सापडली.

ज्या कलमातून रोग पसरतो, त्याच कलमानं तो पकडायचा. संशयित झाडाचा डोळा नाजूक प्रकृतीच्या रोपावर बांधायचा आणि नव्या पालवीवर नजर ठेवायची. १९३०च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत ट्रिस्टेझानं कडू नारिंगाच्या खुंटावरची लाखो झाडं मारली. तो ओळखायला कामी आलं आपलं कागदी लिंबू. त्याच्या पानांच्या शिरा जागोजागी पारदर्शक होतात.

एक्सोकॉर्टिस त्याहून लबाड. त्रिपर्णी खुंटाची साल तो फाडतो, जंबेरीवर मात्र काहीच दिसू देत नाही. त्रिपर्णी खुंटावर परीक्षा करायची तर वर्षं जात. १९६०च्या दशकात एट्रॉग महाळुंगाचे निवडक वाण वापरात आले आणि निकाल काही महिन्यांवर आला. पान खाली वाकलं, मुडपलं, की रोग आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं, तेच हे महाळुंग. पुढे १९७०च्या दशकात कारण कळलं: प्रथिनाचं कवचही नसलेला आरएनएचा इवलासा तुकडा, म्हणजे व्हायरॉइड. तो कलमाच्या चाकूवरूनही पसरतो.

आज पीसीआरनं निकाल काही तासांत मिळतो. तरी रोपांवरची परीक्षा टिकून आहे. पीसीआर सांगितलेलाच रोग शोधतो. रोप अनोळखी रोगाचीही चाहूल देऊ शकतं.

मामा ऐकत होते. त्यांची सगळी बाग जंबेरीवर आहे. "निरोगी झाड पाहूनच डोळे घ्यावे," हा त्यांचा नियम. विहिरीजवळच्या जुन्या झाडाचे डोळे अर्ध्या गावानं नेलेत.

त्या झाडाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "मंग याच्यात काही हाये का नाही, हे कसं समजते?"

झाड हिरवंगार होतं, फळांनी वाकलेलं. नुसतं बघून मलाही सांगता येत नव्हतं.