सकाळी मूठ वळत नाही? आमवातावर उपचार कुठे मिळतात, सोबत कोणाची घ्यावी?

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, म्हशीची धार काढताना बोटं साथ देत नाहीत, भाकरी थापणं जमत नाही. दुपार झाली की हात बऱ्यापैकी चालू लागतात. मग घरातलेच म्हणतात, सकाळचं काम आलं की हिचं दुखणं सुरू होतं. पण हे नाटक नसतं. सकाळी अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त वेळ सांधे आखडून राहणं ही आमवाताची, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची, मोठी खूण आहे.

गावात सगळ्याच सांधेदुखीला 'वात' म्हणतात, आणि तिथेच घोटाळा होतो. उतारवयात गुडघे झिजतात ते वेगळं. आमवातात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो तिशी-चाळिशीतही होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटीने जास्त. बहुतेकदा दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायाचे चवडे एकदम सुजतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली चार हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली होती. तिथे साधारण दर २०० जणांमागे एकाला हा आजार आढळला. म्हणजे मोठ्या गावात असे दहा-वीस जण सहज असतील, फक्त एकमेकांना माहीत नसतील.

पुडीचा मोह

पहिलं वर्ष बहुधा वाया जातं ते पुड्यांत. अमुक गावचा माणूस पुडी देतो, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, असं ऐकायला मिळतं. अशा बिननावाच्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. सूज उतरते, पण सांधा आतून खराब होतच राहतो. शिवाय तोंड सुजतं, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस पुडी चालू असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरांना पुडी दाखवून खरं सांगावं, लाजू नये. डॉक्टर स्वतः सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइड देतात, ती गोष्ट वेगळी, कारण तिथे मात्रा ठरलेली असते.

जायचं कोणाकडे?

या आजाराचा खास डॉक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. तालुक्याला तो सहसा नसतो. म्हणून आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या फिजिशियनकडे चिठ्ठी घ्यावी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे असल्याने तिथे पैसे लागू शकतात. प्रवास जमत नसेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगून ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते ठरलेल्या रुग्णालयांतल्या मंजूर उपचारांसाठी असतं, दर महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. तिथल्या आरोग्यमित्राला विचारावं, नाहीतर १५५३८८ वर फोन करावा.

आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या सांगितल्या जातात. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाहीच, असं नसतं. चिकनगुनियानंतरही सांधे असेच दुखतात, म्हणून मागे ताप आला होता का ते आठवून सांगावं. आणखी एक, ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते. सकाळी उठल्याबरोबर दोन्ही हातांचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

बाजाराच्या दिवसाची गोळी

या आजारात सर्वात जास्त वापरली जाणारी गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. आठवडी बाजाराचा वार ठरवून टाकला तर चूक होत नाही. सोबत दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यायची. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. नेमकी याच काळात माणसं औषध सोडतात. मुलगा मोबाइलवर नाव शोधतो, 'कॅन्सरचं औषध' असं दिसतं आणि गोळ्या उकिरड्यावर जातात. कॅन्सरमध्ये ते वापरतात हे खरं, पण आमवातातली मात्रा त्या मानाने फार कमी असते. ठरल्याप्रमाणे रक्त, यकृत, किडनी तपासत राहायचं आणि दारू पूर्ण बंद ठेवायची. मूल हवं असेल तर काही महिने आधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण पोटातल्या बाळाला ही गोळी घातक आहे. गोळ्या महाग वाटल्या तर जनऔषधी केंद्रात विचारावं.

सोबत

त्या सहा-बारा आठवड्यांत आधार लागतो तो याच वाटेने गेलेल्या माणसाचा. ओपीडीच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाईचा नंबर घ्यावा. आशाताईंना विचारलं तर आसपासच्या गावांतले असे रुग्ण कळू शकतात, पण त्यांची परवानगी घेऊनच नाव पुढे द्यावं. चार-पाच जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही पुरतो. तपासणीची तारीख आठवण करून देणं, जिल्ह्याला एकत्र जाणं, सासूला किंवा नवऱ्याला दुसऱ्या रुग्णाच्या तोंडून आजार समजावणं, ही कामं तिथे होतात. औषधाची मात्रा मात्र ग्रुपवर ठरवायची नाही. एकीला लागू पडलेली गोळी दुसरीला चालेलच असं नाही, आणि पुडीवाल्याचा नंबर टाकणाऱ्याला तिथेच थांबवावं.

बोटं वाकडी होऊन काम कायमचं अडलं असेल तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांग तपासणी होते. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर यूडीआयडी कार्ड दाखवून एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. तपासणीला जाताना जुने एक्स-रे आणि सगळे केसपेपर सोबत न्यावेत.