भ्रमणध्वनीचे कुलूप आणि दोन जुने निकाल

दूरध्वनीवरील संभाषणाच्या गुप्ततेविषयी भारतीय न्यायविचार कसा घडत गेला, हे पाहू जाता मुंबईतील एका खटल्यापाशी प्रथम थांबावे लागते. १९६४ साली मुंबईच्या कॉरोनरविरुद्ध लाचेची तक्रार झाली. पोलिसांनी एका डॉक्टरांच्या दूरध्वनीस, त्यांच्याच संमतीने, ध्वनिमुद्रणयंत्र जोडून कॉरोनरांशी झालेले बोलणे टिपून घेतले. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या अपिलात २२ सप्टेंबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची अनुमती होती, हे त्या निर्णयाचे मर्म होय. ऐकणारा कान तारेच्या मध्यावर नव्हता, टोकाशी होता.

भारतात भ्रमणध्वनी १९९५ साली आला. त्याच्या जी. एस. एम. पद्धतीत संभाषण सांकेतिक रूपात नेण्याची सोय होती खरी. परंतु हे संरक्षण हातातील यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतच्या अंतरापुरतेच होते. शिवाय यंत्राने मनोऱ्यापुढे आपली ओळख पटवावयाची, मनोऱ्याने मात्र नाही, अशी एकतर्फी रचना असल्यामुळे बनावट मनोऱ्यास वाव राहिला. तिसऱ्या पिढीच्या पद्धतीत ओळख परस्परांनी पटविण्याची योजना झाली. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सर्व संदेश टोकापासून टोकापर्यंत सांकेतिक केले आणि वाटेतल्या कानाला मजकूर उलगडेनासा झाला. मध्य बंद झाला, तेव्हा लक्ष पुन्हा टोकाकडे, म्हणजे प्रत्यक्ष यंत्राकडे वळले. यंत्रातील साठा त्याच्या निर्मात्यासही उघडता येऊ नये, अशी व्यवस्था अ‍ॅपलने २०१४ मध्येच केली होती.

कायद्याची पावले याहून मंद पडली. तार अधिनियम १८८५ सालचा. दूरध्वनी ऐकण्यावर कार्यपद्धतीचे बंधन आले ते १८ डिसेंबर १९९६ च्या निर्णयाने. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले. त्याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये संभाषण ऐकण्याचे तीन आदेश रद्द करून मुद्रित संभाषणे नष्ट करावयास लावली. येथे कान मध्यावर होता, हा मलकानी खटल्याहून भेद दुर्लक्षून चालणार नाही.

दुसरा निकाल आणखी जुना. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात ४ ऑगस्ट १९६१ रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने, आरोपीकडून बोटांचे ठसे घेणे म्हणजे त्यास स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे नव्हे, असे ठरविले. त्या काळी ठसा ही केवळ ओळखीची खूण होती. २०१३ नंतर तोच ठसा भ्रमणध्वनीची किल्ली म्हणून रूढ झाला, आणि किल्लीबरोबर माणसाचा पत्रव्यवहार, छायाचित्रे व हिशेब हेही उघडू लागले. पासवर्ड मात्र मनात असतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणे ही साक्ष मानली नाही. दिल्लीच्या एका विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये पासवर्ड सांगण्याची सक्ती नाकारली, बोटाची मात्र मान्य केली. या दुसऱ्या मतानुसार एकाच कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक मागता येते, दुसरी येत नाही.