कवडीमोल

(विशेषण) खऱ्या योग्यतेपेक्षा फार कमी किमतीचा. मालदीव बेटांकडून येणारी कवडी एकोणिसाव्या शतकापर्यंत भारताच्या अनेक भागांत सुट्या चलनासारखी चाले. पाठ पिवळसर, गुळगुळीत. पोटाकडच्या चिरेला दोन्ही बाजूंनी दाते. सर्वांत हलके नाणे तेच, म्हणून ‘कवडीची किंमत नाही’, ‘फुटकी कवडी’ हे प्रयोग रूढ झाले.

‘मातीमोल’ आणि ‘कवडीमोल’ सर्रास अदलून बदलून वापरतात. ते योग्य नाही. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या डोंगराळ, भरपूर पावसाच्या तालुक्यांत हा फरक स्वच्छ दिसतो. कापलेले भात अवकाळी पावसात भिजून खाचरातच कोंब धरते, तेव्हा ते मातीमोल होते: मालच संपला. पण खळ्यावर चांगली झोडपलेली, वारवलेली साळ घेणेकऱ्याच्या तगाद्यापायी मिळेल त्या भावाला घालावी लागते, तेव्हा ती कवडीमोल भावाने जाते. दाणा तोच, नड शेतकऱ्याची. डोंगरउतारावर राबून पिकवलेल्या नाचणी-वरीला ‘हलके धान्य’ म्हणत कमी दाम देणे हेही याच शब्दात बसते. जमिनीबाबत तर हा शब्द फार बोचरा. भाटघर, पानशेत, वरसगाव ही धरणे याच मुलखात आहेत, आणि पाण्याखाली गेलेल्या खाचराची भरपाई कोणत्याही दराने पुरी पडत नाही.

कवडी स्वतः मात्र सर्वत्र हलकी नाही: तुळजाभवानीचे आराधी आणि गोंधळी कवड्यांची माळ श्रद्धेने गळ्यात घालतात.