दगडफूल उशिरा आले

उजाड खडकावर वनस्पती कशा येतात हे शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एकच साखळी काढत आलो. आधी दगडफूल, मग मॉस, मग नेचे, झुडपे आणि सरतेशेवटी वृक्ष. दगडफुलाच्या आम्लाने खडक झिजतो, थोडी माती होते, त्या मातीत पुढचा पाहुणा रुजतो. साखळी सोपी आहे आणि मुले ती परीक्षेत बिनचूक लिहितात. पण ती पहिल्या कडीपासून पाहिली कोणी? खडकाची जन्मतारीख सहसा कुणालाच ठाऊक नसते. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यावर पहिले पान कधी उगवले हे कोण सांगणार?

हवाई द्वीपसमूहातील सर्वांत मोठ्या बेटावर एक पायवाट आहे. तिथल्या खडकाची जन्मतारीख मात्र वेळेसकट माहीत आहे.

या वाटेची फेरी पाच किलोमीटरांहून थोडी जास्त आहे. सुरुवातीला ती दाट, ओल्या जंगलातून जाते. माणसाहून उंच वाढलेले नेचे, आणि त्यांच्यावर ओहिया वृक्षांची छाया. ओहिया आपल्या जांभळाच्या कुळातला. त्याचे लाल फूल म्हणजे केसरांचा झुपका. कोकणात जांबाचे फूल पाहिलेल्यांना ओळख पटेल. वाट सव्वाशे मीटर खाली उतरते आणि जंगल एकदम संपते. समोर काळ्या, भेगाळलेल्या दगडाचे मैदान पसरलेले असते. हे किलाउएआ इकी, म्हणजे ‘धाकटा किलाउएआ’ नावाचे ज्वालामुखीचे विवर. पाऊस पडला की त्याच्या भेगांतून अजूनही वाफ निघते.

१९५९ पर्यंत या विवराच्या उतारांवर झाडी होती. शेजारच्या किलाउएआवर टॉमस जॅगर यांनी १९१२ मध्ये स्थापन केलेली वेधशाळा होती. डोंगराचा माथा फुगतो आहे, हे तिच्या उपकरणांनी त्या वर्षी आधीच टिपले होते. १४ नोव्हेंबर १९५९ रोजी रात्री आठ वाजून आठ मिनिटांनी विवराची भिंत फाटली. पुढचे छत्तीस दिवस थांबून थांबून लाव्हा उसळत राहिला. त्याचे सर्वांत उंच कारंजे ५८० मीटरपर्यंत गेले. कळसूबाईच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडे जास्त. २० डिसेंबरला सारे शांत झाले, तेव्हा विवरात शंभर मीटरहून खोल लाव्हाचे तळे उरले होते. त्यावर साय धरावी तसे कवच धरले. ते कवच पुढे कित्येकदा छिद्रे पाडून तपासले गेले. तळे तळापर्यंत घट्ट व्हायला १९९० च्या दशकाचा मध्य उजाडला. म्हणजे लोक वरून चालत होते, तेव्हा अनेक वर्षे खाली शिलारस होता!

गॅरेट स्मॅदर्स आणि डीटर म्युलर-डॉम्बॉइस या वनस्पती-अभ्यासकांना इथे दुर्मीळ संधी दिसली. पाटी कोरी होती आणि तारीख पक्की. नऊ वर्षे ते ठरलेल्या जागा पुनःपुन्हा तपासत राहिले आणि १९७४ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. लाव्हा कडेकडून थंड होत गेला, तशी हिरवळही कडेकडून मध्याकडे सरकली. विवराच्या तळावर आधी शैवाल आले, मग मॉस आणि नेचे. दगडफूल त्यांच्यानंतर आले. आमच्या फळ्यावरची पहिली कडी इथे मागे पडली होती.

ओहियाने तर मातीची वाटच पाहिली नाही. त्याचे बी धुळीसारखे हलके असते, ते वाऱ्याने येते आणि खडकाच्या भेगेत पडते. भेगेत सावली असते, पाणी टिकते. रोपाला तेवढे पुरते. विवराबाहेर तापलेल्या खडीखाली खोडापर्यंत गाडली गेलेली काही झाडे मेलीच नाहीत. त्यांनी पुन्हा पालवी धरली, आणि गाडलेल्या खोडांना नवी मुळे फुटली.

मग ती साखळी इतकी पक्की कशी झाली? अमेरिकेच्या फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये वनस्पतींच्या अनुक्रमणावर मोठा ग्रंथ लिहिला. वनसमूह एखाद्या सजीवासारखा ठरलेल्या टप्प्यांनी वाढतो, असे ते मानत. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये याला हरकत घेतली. कोणती जात कुठे येईल, हे तिथे कोणते बी पोचले आणि त्याला कोणती जागा मिळाली यावर ठरते, असे त्यांचे म्हणणे. पाठ्यपुस्तकांना क्लेमेंट्स मानवले. बाण काढायला सोपे, हेच कारण असावे असे आम्हाला वाटते. दगडफुलाची कडी सगळीकडेच चूक, असे मात्र नव्हे. इतर खडकांवर ते खरोखर आधी येते.

कोणते बी पोचते, या प्रश्नाला पुढे वेगळेच वळण लागले. अझोर्स आणि मदेरा बेटांकडचे फाया नावाचे झाड एकोणिसाव्या शतकात हवाईत आणले गेले होते. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात. नव्या लाव्हाच्या जमिनीत नायट्रोजन फारच कमी असतो आणि ओहिया तेवढ्यावर भागवतो. पीटर व्हिटोसेक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले, की फायामुळे अशा जमिनीत नायट्रोजनची आवक कितीतरी पटींनी वाढते. कमी खाणाऱ्याच्या घरात अन्न वाढले, की इतर खाणाऱ्यांची सोय होते. ओहियाचे तसेच झाले. आता त्याच्यावर बुरशीचेही संकट आहे. तिच्या दोन जातींना २०१८ मध्ये नावे मिळाली. झाडाच्या जखमेतून ती आत शिरते, पाणी वाहणाऱ्या नलिका निकामी करते, आणि पाने तपकिरी दिसू लागल्यावर काही आठवड्यांत झाड मरते. तिचे बीजाणू चिखलातून बुटांना चिकटून दुसरीकडे जातात. म्हणून जंगलात शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर बुटांचे तळ घासून स्वच्छ करायला सांगतात. त्यासाठी वाटांच्या तोंडाशी ब्रश बसवलेले आहेत.