जमनालालजींचा लाख आणि पायलीभर ज्वारी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

मागच्या महिन्यात आर्वी तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. वाचनालयाचे सचिव होते. "भाऊ, तुमची कंपनीवाल्यांशी ओळख असन ना? आमच्या वाचनालयाले सीएसआरमधून थोडे पैसे भेटले असते त बरं झालं असतं." छप्पर गळतं. स्पर्धा परीक्षेची पोरं आत अभ्यासाला बसतात आणि पुस्तकांवर प्लास्टिक टाकलेलं असतं. ऐंशी हजारांचं काम आहे. ड वर्गाचं सरकारी अनुदान पेपर आणि ग्रंथपालाच्या मानधनातच संपतं.

मी कागद मागवले. धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर सात विश्वस्त, त्यातले चार वारलेले. चेंज रिपोर्ट कधी दाखलच केला नाही. १२ए नाही, ८०जी नाही. आता कंपनीचा सीएसआर घ्यायचा तर हे दोन्ही लागतं, वर सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक आणि किमान तीन वर्षांच्या कामाचा दाखला. म्हणजे दारात उभं राहायचीच सोय नाही.

फोन ठेवल्यावर डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. लोकांच्या कामाला पैसा कुठून आणायचा, या प्रश्नावर आपल्या वर्धा जिल्ह्याइतकं कोणी डोकं खाजवलं नसेल. आणि आपणच ते विसरलो.

सुरुवात जमनालालजी बजाजांपासून करावी लागते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी देशभरातून एक कोटी रुपये उभे करायचे ठरले. वकिली सोडून चळवळीत आलेल्यांची घरं चालावीत म्हणून जमनालालजींनी त्यात एक लाख रुपये दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले, तेही जमनालालजींच्याच आग्रहामुळं. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा आपली बाग देऊन टाकली, तीच आजची मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे सेवाग्रामला राहायला गेले. त्या गावाची बरीचशी मालगुजारीही बजाजांचीच. एका माणसाच्या तिजोरीवर एवढं सगळं उभं राहिलं. पण असा दाता सांगून मिळत नाही, आणि ११ फेब्रुवारी १९४२ ला जमनालालजी अचानक गेले तेव्हा वर्ध्याच्या संस्थांना तो धक्का किती मोठा बसला असेल याची कल्पना करा.

गंमत म्हणजे गांधीजींचा स्वतःचा अनुभव उलटा होता. दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेससाठी त्यांनी मालमत्ता घेतली होती. भाड्यावर संस्थेचा खर्च भागेल हा हिशोब. ते तिथून निघाल्यावर त्याच मालमत्तेवरून भांडणं लागली आणि भाडं कोर्टात जमा व्हायला लागलं. आत्मकथेत त्यांनी हे लिहून ठेवलंय. त्यांचा निष्कर्ष असा की सार्वजनिक संस्थेनं कायमच्या ठेवीवर जगू नये. लोकांनी दरवर्षी दिलं तर चालावं, नाही दिलं तर बंद पडावं. ठेव असली की लोक काय म्हणतात याची पर्वा राहत नाही. (आपल्या जिल्ह्यातल्या काही संस्थांची आलिशान गेस्ट हाऊसं आठवली ना? असो.)

आणि हिशोबाचं म्हणाल तर जे. सी. कुमारप्पा. हा माणूस लंडनमध्ये शिकलेला हिशोबनीस, पुढं मगनवाडीतून ग्रामोद्योग संघ चालवला. त्याआधीचा, १९३४ च्या बिहार भूकंपाच्या वेळचा प्रसंग आहे. मदत निधीचा हिशोब कुमारप्पांकडं होता. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, त्यापुढं एक पै नाही. गांधीजी आपल्या माणसांसह पाहणीला आले तेव्हा कुमारप्पांनी महादेवभाईंना सांगून टाकलं की तुमच्या मंडळींचा खर्च या निधीतून होणार नाही. गांधीजींनी ते निमूट मानलं. हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, एवढी साधी गोष्ट. आज फाइव्ह स्टार हॉटेलात 'ग्रामीण दारिद्र्य' या विषयावर कार्यशाळा होतात त्यांनी हे वाचावं.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. गांधीजींच्या हत्येनंतर देशभरातून गांधी स्मारक निधीत कोट्यवधी रुपये जमले. १९५१ मध्ये भूदान सुरू झालं, ते काम वाढलं तसा या निधीतून जिल्ह्याजिल्ह्यातल्या समित्यांना आणि कार्यकर्त्यांना पैसा मिळू लागला. इकडं पवनारला विनोबांनी त्याआधीच कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता, पैशाशिवाय, स्वतःच्या श्रमावर आश्रम चालवायचा. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या पळणीला सर्व सेवा संघानं ठरवलं की आता हा निधी घ्यायचा नाही आणि समित्याही बरखास्त करायच्या. निधीमुक्ती आणि तंत्रमुक्ती.

विचार करा, मिळत असलेलं अनुदान आपणहून सोडलं! त्याऐवजी काय? सूतांजली, म्हणजे वर्षातून एकदा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, ६४० तारांची, १२ फेब्रुवारीला अर्पण करायची. नंतर सर्वोदय पात्र, घरातल्या लहान मुलाच्या हातानं रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकायचं.

मला यात अडचण दिसते, आणि गांधीवादी मित्र रागावले तरी लिहितो. निधी सोडणं विनोबांना झेपलं. घरी दोन लेकरं आणि म्हातारी आई असलेल्या कार्यकर्त्याला ते कसं झेपावं? बऱ्याच जिल्ह्यांत काम थंडावलं. मूठभर धान्य रोज गोळा करायलाही एक माणूस लागतो, आणि त्या माणसालाही दोन वेळ जेवायचं असतं.

मधला रस्ता मला सेवाग्रामच्या दवाखान्यात दिसतो. १९६९ मध्ये तिथं मेडिकल कॉलेज झालं. खर्चाचा अर्धा वाटा केंद्राचा, पाव राज्याचा, उरलेला पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीनं उभा करायचा. त्याच दवाखान्यातल्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा चालवला. सुगी झाली की घरोघरची ज्वारी जमा करायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, मजुराची थोडी. गावातली पाऊण घरं सामील झाली तरच योजना. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचं आणि औषधांचं भागायचं, दवाखान्यात सवलत मिळायची. त्या ज्वारीवर मेडिकल कॉलेज चालणार नव्हतं हे सगळ्यांनाच कळत होतं. पण ज्यानं दोन पायल्या ज्वारी दिली तो गावच्या बैठकीत उभा राहून विचारू शकत होता, की सिस्टर या महिन्यात का आली नाही?

सरकारी अनुदानात किंवा सीएसआरमध्ये हे होत नाही. तिथं प्रश्न विचारणारा मुंबईत किंवा दिल्लीत बसलेला असतो आणि त्याला युटिलायझेशन सर्टिफिकेट हवं असतं. परदेशी पैशाचं तर बोलूच नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या एकाच बँक शाखेत खातं, कार्यालयीन खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आणि मिळालेला पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला द्यायलाही बंदी. खेड्यातल्या मंडळांना पूर्वी मोठ्या संस्थांकडून जे झिरपत यायचं ते संपलं.

तर मी सचिवांना सांगितलं, अर्ज करूच, पण आधी गावात बसू. गेल्या रविवारी बसलो. कोणीतरी कपाटातून जुनी वर्गणीची वही काढली. कोणाचे दोन रुपये, कोणाचे पाच, आणि चार-पाच नावांपुढं 'ज्वारी, १ पायली'. त्यातल्या एकाचा नातू तिथंच बसला होता, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतोय. वही त्यानं बराच वेळ हातात धरली. त्या बैठकीत तेवीस हजार जमले. एका मिस्त्रीनं मजुरी अर्धी घेईन म्हटलं.

बाकीचे पैसे अजून उभे करायचे आहेत. चार मयत विश्वस्तांपैकी तिघांचे मृत्यूचे दाखले मिळाले, चौथ्यांचा मुलगा पुण्यात असतो, त्याला फोन लावलाय. चेंज रिपोर्ट फुकटात भरून देणारा कोणी वकील मित्र असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आणि तुमच्या गावच्या मंडळाची, भजनी मंडळाची, व्यायामशाळेची अशी वर्गणीची जुनी वही असेल तर तिच्या एका पानाचा फोटो पाठवा. नावं झाकून टाकीन.